वॉरंटी नाकारली? मग कारण लेखी मागा

माण, हिंजवडी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात गाड्या जोडणारी, त्यांचे सुटे भाग बनवणारी आणि त्याच गाड्या हप्त्यावर घेणारी माणसं एकाच सोसायटीत राहतात. इथल्या एखाद्या व्हेंडर कंपनीत चार महिने जरी काम केलं असेल, तरी लाल बिन माहीत असते. त्या बिनमध्ये पडणाऱ्या प्रत्येक पार्टला टॅग लागतो आणि त्यावर पार्ट नंबर, बॅच, तारीख आणि नाकारण्याचं कारण लिहिलेलं असतं. ‘बरोबर वाटला नाही म्हणून टाकला’ हे कारण क्वालिटीवाला मान्य करत नाही. तोच माणूस रविवारी स्वतःची गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला जातो. काउंटरवरचा ॲडव्हायझर म्हणतो, “सर, हे वॉरंटीत बसत नाही.” आणि आपला माणूस काही न विचारता एस्टिमेटवर सही करतो.

वॉरंटी नाकारण्यालाही टॅग लागला पाहिजे. कोणता भाग, कोणता दोष, वॉरंटी पुस्तिकेतल्या कोणत्या अटीमुळे नाकारला आणि ती अट मोडल्यामुळेच हा दोष आला हे कशावरून ठरवलं, या चार गोष्टी कागदावर आल्या की वादाचं निम्मं काम होतं. त्या आल्या नाहीत, तर पुढे कंपनी, हेल्पलाइन, ग्राहक आयोग कुठेही गेलात तरी ‘त्यांनी तोंडी सांगितलं’ यापलीकडे तुमच्या हातात काही नसतं.

आधी आतली व्यवस्था समजून घ्या. वॉरंटी देते गाडी बनवणारी कंपनी. दुरुस्ती करतो डीलर. डीलर काम करून कंपनीकडे क्लेम टाकतो आणि कंपनीने तो मान्य केला, तर त्याला पार्टचे आणि मजुरीचे पैसे मिळतात. कंपनीने क्लेम फेटाळला, तर भुर्दंड डीलरच्या अंगावर पडतो. त्यामुळे थोडा जरी संशय असला तरी काउंटरवरचा माणूस आधीच ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. अनेकदा कंपनीला विचारलेलंही नसतं. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: “क्लेम कंपनीकडे पाठवला होता का? नंबर काय आणि उत्तर कुणी दिलं?” पाठवला नसेल, तर तो कंपनीचा नकार नाही, काउंटरचा अंदाज आहे. तो तिथेच मान्य करून घरी येऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे जॉब कार्ड. तुम्ही सांगता, “दुसऱ्या गियरमध्ये चढावर गाडी झटके देते,” आणि जॉब कार्डवर लिहिलं जातं, ‘जनरल चेकअप’. असं झालं तर सही करू नका. तक्रार तुमच्या शब्दांत, किलोमीटरच्या आकड्यासह लिहून घ्या आणि प्रत लगेच मोबाइलमध्ये काढा. वॉरंटी संपायला महिना राहिला असताना तक्रार नोंदवली आणि दोष पुढच्या तिमाहीत वाढला, तर तीच नोंद तुमच्या बाजूने उभी राहते. तोच दोष पुन्हा पुन्हा आला असेल, तर दर वेळचं जॉब कार्ड तारखेनुसार लावून ठेवा. दुरुस्ती करूनही दोष जात नाही, हे त्या कागदांच्या चळतीइतकं ठामपणे दुसरं काहीच सांगत नाही. गाडी परत घेताना ‘काम समाधानकारक’ असं छापलेल्या ओळीखाली सही मागतात. दोष तसाच असेल, तर वर स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘झटके अजून येतात. गाडी तक्रार कायम ठेवून नेत आहे.’

इंजिन, गिअरबॉक्स किंवा इलेक्ट्रॉनिक बिघाड असेल, तर स्कॅनरवर आलेले फॉल्ट कोड पुसण्याआधी त्यांची प्रिंट किंवा फोटो मागा. कोड पुसल्यावर तो बिघाड कधी आणि कोणत्या परिस्थितीत नोंदला गेला हे दाखवणं अवघड होतं. गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये उघडून पाहण्याची घाई करू नका. एकदा सील तुटलं की ‘तुम्हीच छेडछाड केली’ हे उत्तर तयार असतं. आणि डीलर इंजिन उघडण्याची परवानगी मागत असेल, तर वॉरंटी नाकारली गेल्यास उघडण्याचे आणि पुन्हा जोडण्याचे किती पैसे लागतील, हे आधी लेखी घ्या.

आता नकाराची नेहमीची कारणं बघू. त्यातली काही खरी असतात. ती ओळखता आली, तर उगाच न जिंकता येणारं भांडण आपण ओढवून घेत नाही.

सर्व्हिस वेळेवर केली नाही, हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण. माणमध्ये ते अनेकांना अनपेक्षित ठिकाणी अडवतं. घर हिंजवडी आयटी पार्कच्या फेज तीनला, ऑफिस फेज एकला आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम, अशा गाडीचं वर्षाचं अंतर फारसं होत नाही. मालकाला वाटतं, दहा हजार किलोमीटर झाले नाहीत म्हणजे सर्व्हिस लागत नाही. पण बहुतेक पुस्तिकांत किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. त्या वर्षी सर्व्हिस चुकली असेल, तर ते मान्य करा. तरीही विचारा की उशिरा बदललेल्या ऑइलचा आणि बंद पडलेल्या एसी कॉम्प्रेसरचा किंवा काच खालीवर करणाऱ्या मोटरचा संबंध काय. ऑइल न बदलल्यामुळे टर्बो गेला असेल, तर त्यांचं म्हणणं बरोबर असू शकतं. खिडकीची मोटर त्यामुळे जात नाही. एक अट मोडली म्हणून गाडीची सगळीच वॉरंटी संपत नाही आणि संबंध दाखवण्याची जबाबदारी नाकारणाऱ्याची आहे, हे मेलमध्ये स्पष्ट लिहा.

बाहेरच्या गॅरेजबाबतही हेच. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला आणि सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड लावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकपर्यंत पोहोचू न देणं, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. त्याच आदेशात असंही सांगितलं होतं की स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. या आदेशाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या आणि काहींचा दंड अपिलात कमीही झाला, त्यामुळे तो हातातलं हुकमाचं पान समजू नका. पण युक्तिवाद म्हणून तो नक्की मांडा. मात्र बाहेरच्या दुकानात वायरिंग कापून हॉर्न, कॅमेरा किंवा स्पीकर बसवले असतील आणि बिघाड त्याच सर्किटमध्ये असेल, तर तुमची बाजू कमकुवत आहे.

पुढचं कारण ‘वेअर अँड टेअर’: क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर अशा झिजणाऱ्या भागांची यादी. हिंजवडीच्या शिवाजी चौकापासून फेज तीनपर्यंत रोज अर्ध्या क्लचवर चालवलेल्या गाडीची प्लेट लवकर झिजली, तर त्यात कारखान्याचा दोष शोधणं कठीण आहे. पण प्लेट आणि तिच्या मागचे भाग वेगळे असतात. रिलीज बेअरिंगचा आवाज किंवा क्लचच्या सिलिंडरमधून ऑइलची गळती वेगळी तपासायला सांगा. ‘प्लेट झिजली’ म्हणत असतील, तर उरलेली जाडी किती आणि कंपनीने ठरवलेली मर्यादा किती, हे दोन आकडे जॉब कार्डवर मागा.

पावसाळ्यात इथले रस्ते तुंबतात आणि त्यानंतर ‘पाणी शिरलं’ हे कारण बरेच दिवस ऐकू येतं. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. टो करून न्या आणि इन्शुरन्स कंपनीला कळवा. इंजिनात ओढलं गेलेलं पाणी हा वॉरंटीचा विषय नाही, विम्याचा आहे, आणि साधारणपणे इंजिन संरक्षणाचं वेगळं कव्हर घेतलेलं असेल तरच पैसे मिळतात. पण गाडी पाण्यात गेलीच नसताना सेन्सर बंद पडल्याला कुणी पाण्याचं कारण देत असेल, तर पुरावा मागा: एअर फिल्टरचे फोटो, चिखलाची रेषा, कनेक्टरवरचा गंज. भातखाचरांच्या कडेला असलेल्या पार्किंगमध्ये उंदीर वायर कुरतडतात, तेही वॉरंटीत येत नाही. पण कुरतडलेली वायर आणि तुमची तक्रार एकाच भागाची आहे का, एवढं पाहाच.

सगळ्यात चीड आणणारं उत्तर म्हणजे, “या मॉडेलला असंच होतं.” त्यावर एक सरळ उपाय आहे. त्याच मॉडेलची, शक्यतो तेवढ्याच किलोमीटरची दुसरी गाडी घेऊन टेक्निशियनसोबत एकाच रस्त्यावर ट्रायल घ्या आणि दोन्ही गाड्यांचा निष्कर्ष जॉब कार्डवर लिहून घ्या. खरंच सगळ्यांना तसं होत असेल, तर तोही दोषाचा पुरावाच ठरू शकतो.

गाडीची रोज गरज आहे, म्हणून अनेकांना पैसे भरून ती सोडवावी लागते. पैसे भरले म्हणजे हक्क गेला असं नाही, पण गुपचूप भरू नका. बिलावर किंवा भरण्याआधी पाठवलेल्या मेलमध्ये लिहा: ‘वॉरंटीचा हक्क राखून, निषेध नोंदवून ही रक्कम भरत आहे.’ आणि काढलेला जुना भाग मागून घ्या. तुम्ही पैसे भरले आहेत, त्यामुळे तो भाग तुमचा आहे. पार्ट नंबर आणि तारीख दिसेल असे फोटो काढून तो बांधून ठेवा, धुऊ नका. उद्या तज्ज्ञाकडून तपासणी करायची झाली, तर गाडीपेक्षा तो भाग जास्त बोलेल. उलट, रागाच्या भरात गाडी डीलरच्या आवारात महिनोन्‌महिने सोडून येऊ नका. पार्किंगचे पैसे चढतात, बॅटरी उतरते आणि वादाचा रोख मूळ दोषावरून हटतो.

आता पत्रव्यवहार. फोन करायला हरकत नाही, पण प्रत्येक फोननंतर त्यातला मजकूर मेलने पक्का करा. पहिला मेल डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला आणि त्याच वेळी कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवा. तो लहान असू दे. साधारण असा: ‘माझ्या गाडीचा चासी नंबर हा, खरेदीची तारीख ही, वॉरंटी या तारखेपर्यंत. अमुक तारखेला अमुक किलोमीटरवर ही तक्रार नोंदवली, जॉब कार्ड सोबत आहे. दुरुस्ती वॉरंटीत होणार नाही असं तोंडी सांगण्यात आलं. नकाराचं कारण, पुस्तिकेतील संबंधित अट, तपासणीचे फोटो आणि स्कॅन रिपोर्ट सात दिवसांत लेखी द्यावेत. कंपनीच्या प्रतिनिधीने माझ्यासमोर गाडीची संयुक्त तपासणी करावी.’ मेल मराठीत लिहिला तरी चालतो. कंपनीकडून तक्रार नंबर घ्या आणि पुढच्या प्रत्येक मेलमध्ये तो लिहा. आपल्या परिसराचा एरिया सर्व्हिस मॅनेजर हा कंपनीचा माणूस असतो आणि बरेचसे वाद त्याने गाडी पाहिल्यावरच सुटतात. वॉरंटी नुकतीच संपली असेल, तर कंपनी कधी कधी ‘गुडविल’ म्हणून पार्टचा पूर्ण किंवा काही खर्च उचलते. ते मागण्यात कमीपणा नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी असेल, तर ती कुणी दिली आहे ते आधी बघा. ती डीलरची किंवा वेगळ्याच कंपनीची असू शकते आणि मग पत्राचा पत्ताही वेगळा असतो.

उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिचा निर्णय बंधनकारक नसतो, पण तक्रार कंपनीच्या वरच्या पातळीवर पोहोचते आणि फुकट असते. अखिल भारतीय ग्राहक पंचायतीची सुरुवात १९७४ मध्ये पुण्यातच बिंदुमाधव जोशींनी केली. अशा संघटनांच्या कार्यकर्त्यांकडे कागद दाखवले, तर आपल्या बाजूतली फट लवकर कळते. मग पंधरा दिवसांची नोटीस डीलर आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. तक्रार दाखल करण्यासाठी कायद्याने नोटीस सक्तीची नाही, पण आयोगासमोर तुम्ही वाट पाहिली होती हे दिसतं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २०२० च्या जुलैपासून लागू झाला आणि त्यातली एक तरतूद आपल्यासाठी मोठी सोय आहे. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता, त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडी मुंबईतून घेतली असो, कंपनीचं मुख्यालय चेन्नईला असो, माणमध्ये राहणाऱ्याला पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोग. शुल्क ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. वकील सक्तीचा नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि व्हिडिओ कॉन्फरन्सवर सुनावणीसाठी अर्जही करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे. ती मेलामेलीत निघून जाऊ देऊ नका.

तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांना पक्षकार करा. एवढं पुरेसं नाही, प्रत्येकाने काय चूक केली ते वेगळं लिहा. गोव्यातल्या एका ग्राहकाचं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. त्याने २०११ मध्ये त्याच वर्षाची फियाट लिनिया म्हणून पैसे मोजले आणि त्याच्या हाती २००९ ची, आधीच सहाशेहून जास्त किलोमीटर चाललेली गाडी आली. गोव्यापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत डीलर आणि तो ज्या कंपनीचा डीलर होता ती टाटा मोटर्स, या दोघांना जबाबदार धरलं गेलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला मोकळं केलं. डीलर आणि कंपनी यांच्यातला व्यवहार दोन स्वतंत्र पक्षांमधला आहे आणि डीलरच्या या कृत्याची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झालं नाही, असं न्यायालय म्हणालं. वॉरंटीचा वाद यापेक्षा वेगळा आहे, कारण वॉरंटी कंपनीनेच दिलेली असते. पण मग तेच लिहा: वॉरंटी कंपनीची, नकार अमुक तारखेच्या मेलने कंपनीचा, आणि चुकीचं निदान किंवा लांबवलेली दुरुस्ती डीलरची.

मागणी मापात ठेवा. २००६ मध्ये मारुतीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला, कारण वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं वचन होतं, गाडी बदलण्याचं नव्हतं. म्हणून आधी भाग, भरलेले पैसे, व्याज आणि खर्च मागा. दोष वारंवार येत असेल किंवा जिवावर बेतणारा असेल, तर गाडी बदलण्याची किंवा पैसे परत मिळण्याची मागणी करा. २०२२ मध्ये एका ह्युंदाई क्रेटाच्या अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत, त्या प्रकरणात गाडी बदलण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. टक्कर किती वेगाने झाली आणि किती बल लागलं याचं गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ ग्राहक असेल अशी अपेक्षा धरता येत नाही, असं त्या निकालात म्हटलं आहे. तरीही प्रत्येक दोष एअरबॅगइतका उघड नसतो. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर कायद्यानुसार आयोग योग्य प्रयोगशाळेकडून अहवाल मागवू शकतो. तसा अर्ज सुरुवातीलाच करा. तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागू शकतो. तज्ज्ञाच्या अहवालाविना ‘उत्पादनातला दोष’ सिद्ध करायला गेलेले अनेक जण इथेच हरतात.

गाडी कंपनीच्या नावावर असलेल्यांना ‘तुम्ही ग्राहकच नाही’ असं सांगितलं जातं. डेमलर क्रायस्लर इंडिया, म्हणजे आजच्या मर्सिडीज-बेंझ इंडियाच्या एका गाडीचा वाद जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. गाडीचा मधला भाग प्रमाणाबाहेर तापतो, अशी ती तक्रार होती. संचालक आणि त्याच्या कुटुंबाच्या वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी एवढ्यानेच व्यावसायिक हेतूची ठरत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. आयटी पार्कच्या फेऱ्यांसाठी स्वतःची एकच गाडी स्वतः चालवणाऱ्या ड्रायव्हरदादांनीही घाबरू नये. पोट भरण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली गाडी कायद्याने व्यावसायिक हेतूतून वगळली आहे. दहा गाड्यांचा ताफा चालवणाऱ्याला मात्र ही सवलत मिळणं कठीण.

कायद्याने तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात यापेक्षा बराच वेळ लागू शकतो, हे धरून चाला. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात, त्यापलीकडे नाही. दोन्ही बाजू तयार असतील, तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो. दुरुस्ती आणि खर्च मिळत असेल, तर तिथे मिटवणं बहुतेकांच्या फायद्याचं असतं. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनी राज्य आयोगात अपिलाला गेली, तर ४५ दिवसांची मुदत असते आणि आदेशातल्या रकमेपैकी निम्मी रक्कम तिला आधी भरावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, अशी वेळ आली तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि या अर्जासाठीही वकील सक्तीचा नाही.